अग्नीशेजारचा साक्षी

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, बाहेर बँड वाजतो आणि कार्यालयात जमलेल्या बहुतेकांच्या लेखी लग्न लागलेलं असतं. अक्षता टाकून हात मोकळे झाले की निम्मे पाहुणे पंगतीकडे वळतात आणि उरलेले वधूवरांना भेटायला स्टेजपाशी रांग लावतात. विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी हे विधी पुष्कळ घरांत त्यानंतर, कार्यालयाच्या एका कोपऱ्यात, जवळच्या दहापंधरा माणसांसमक्ष होतात. काही घरांत ते अक्षतांच्या आधीच उरकलेले असतात, पण तेव्हाही पाहणारी माणसं तेवढीच. म्हणजे शास्त्र ज्या घटकेला विवाह पूर्ण झाला असं मानतं, त्या घटकेला सभामंडप पंगतीत गुंतलेला असतो. फोटोग्राफरही अनेकदा तिथं नसतो. सकाळपासून उभा असल्यामुळे तो तेव्हाच जेवायला बसतो, नाहीतर पंगतीचे फोटो घ्यायला कुणीतरी त्याला हाक मारून नेलेलं असतं. पुढे अल्बम येतो. त्यात हार घालतानाचे वीस फोटो असतात, सप्तपदीचे दोन असतात, आणि त्यातला एक हललेला असतो.

कमी खर्चात लग्नाचे चांगले फोटो आणि चांगला व्हिडिओ कसा मिळवायचा, हा प्रश्न लग्नघरात हमखास निघतो आणि तो नेहमी दरांच्या तुलनेत संपतो. कोणाचं पॅकेज किती, त्यात कँडिड आहे का, ड्रोन आहे का, अल्बमची पानं किती. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न आधी धर्माचा आहे आणि मग पैशाचा. लग्नाला साक्षी लागतो, ही आपली फार जुनी समजूत आहे. साक्षी म्हणजे कोण, तो काय करतो आणि काय करत नाही, हे नीट ठरवलं तर कॅमेऱ्याकडून काय मागायचं तेही ठरतं. आणि गंमत नव्हे, खरोखरच असं दिसतं की साक्षीपणाला खर्च थोडा येतो. खर्च वाढतो तो साक्षी सोडून बाकीच्या गोष्टी मागितल्या की.

पाणिनीनं 'साक्षी' या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा असा लावला आहे. ऐकीव माहिती सांगणारा साक्षी होत नाही, तिथं हजर असावं लागतं. ही पहिली अट. दुसरी अट उपनिषदांनी घातली. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक पक्षी फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वेदान्तानं याच पाहणाऱ्याला पुढे साक्षी म्हटलं. तो ज्याला पाहतो त्यात ढवळाढवळ करत नाही, आणि त्याच्या पाहण्यानं पाहिलेली गोष्ट बदलत नाही. तिसरी अट थेट लग्नातलीच आहे, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंच्याऐंशीवं सूक्त म्हणजे सूर्येच्या विवाहाचं सूक्त. त्यातली एक ऋचा जमलेल्या लोकांना उद्देशून आहे. तिचा भाव असा: ही वधू सुमंगल आहे, सगळे मिळून या, तिला पाहा, तिला सौभाग्य द्या आणि मग आपापल्या घरी जा. बोलावल्यावर तीन क्रिया एकामागून एक येतात: पाहा, द्या, जा. लग्नातलं पाहणं हे वधूला काहीतरी देण्यासाठी आहे. पाहणारा आपल्या नजरेनं तिच्या पदरात काही टाकतो आणि बाजूला होतो.

अग्नीला साक्षी मानण्यामागे हीच तिन्ही लक्षणं आहेत. तो तिथं प्रत्यक्ष असतो, स्वतःच्या उजेडात सगळं दाखवतो, कुणाला काही करायला सांगत नाही, आणि दिलेली आहुती पुढे पोचवतो. अग्नीची साक्ष लग्नापुरतीच नाही, हेही इथं आठवावं. वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात हनुमान अग्नी पेटवतो आणि राम व सुग्रीव त्याला प्रदक्षिणा घालून सख्य जोडतात. सप्तपदीतलं सातवं पाऊलही सख्याचंच आहे. अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती, ऋतू अशी सहा पावलं टाकून झाल्यावर सातव्याला वर वधूला सखी म्हणतो. लग्न ज्या शब्दावर पूर्ण होतं तो शब्द मैत्रीचा आहे, आणि मैत्री जोडताना आपल्याकडे अग्नी समोर लागतो.

विवाहविधीला पाहण्याची किंमत किती कळलेली आहे, हे त्याच्या रचनेतही दिसतं. अंतरपाट म्हणजे पाहणं मुद्दाम अडवून धरणारं कापड. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत ते दोघांमध्ये धरायचं आणि ठरलेल्या क्षणी काढून घ्यायचं, म्हणजे मग जे दिसतं ते नव्यानं दिसतं. दोघं पाच वर्षं एका ऑफिसात काम करत असली तरी हे खरंच आहे. रात्री ध्रुव दाखवतात, अरुंधती दाखवतात. कधी काय पाहायचं आणि कधी पाहायचं नाही, याचा इतका विचार केलेल्या विधीत आपण एक नवा पाहणारा आणून उभा केला आहे. त्या कार्यालयात बाकी सगळ्यांना काहीतरी करण्याचे पैसे मिळतात. मांडववाल्याला, आचाऱ्याला, वाजंत्र्याला, गुरुजींना. फक्त पाहण्याचे पैसे ज्याला मिळतात असा तो एकटाच. म्हणून त्याच्या पाहण्याला नियम असायला हवा.

काय पाहायचं, याचं उत्तर कायद्यानंही दिलं आहे, आणि ते शास्त्राच्या उत्तराशी चांगलंच जुळतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं सातवं कलम म्हणतं की विवाह दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच तो पूर्ण होतो. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातला एक खटला आला. पहिली पत्नी असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. ते दुसरं लग्न गांधर्व पद्धतीचं असल्याचं सांगितलं गेलं, पण होम आणि सप्तपदी झालेली नव्हती, आणि त्यांच्याशिवाय चालतं अशी रूढीही सिद्ध झाली नाही. न्यायालयानं ते लग्न झालंच नाही असं ठरवलं आणि आरोपी सुटला. अगदी अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये, न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठानं विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलेल्या एका जोडप्याचा विवाह मान्य केला नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. हे दोन्ही निकाल समोर ठेवून एखादा अल्बम उघडावा. पत्रिका ठेवून काढलेला फोटो, मेंदीचे हात, गाडीतून उतरताना, हार, पुन्हा हार, केक, रिसेप्शनचा धूर सोडणारा प्रवेश. ज्याच्यामुळे हे दोघं नवराबायको झाली ती पावलं त्यात सापडायला वेळ लागतो.

यावर कुणी म्हणेल, लग्नाची नोंदणी होते, पुरावा आहेच, फोटोवर एवढं ओझं कशाला? नोंदणी करावी, अवश्य करावी, पण ती झालेल्या लग्नाची नोंद असते. विधींची साक्ष तिच्यात येत नाही. आणि संसार मोडायला निघाला, नवऱ्यानं लग्नच नाकारलं, तर त्या विधींची साक्ष सगळ्यांत जास्त बाईलाच लागते. फोटो न्यायालयात आपला आपण बोलत नाही, तो कुणालातरी सिद्ध करावा लागतो हे खरं. तरीही होमापुढचं स्पष्ट चित्रण आणि त्या वेळी हजर असलेली माणसं त्यात ओळखू येणं, याचं मोल ज्या मुलीवर तशी वेळ आली तिलाच कळतं. म्हणून मी या गोष्टीला हौसेची बाब मानत नाही.

आता पैशाकडे. बाजारात जे पॅकेज मिळतं त्याचे घटक पाहावेत: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक फिल्म, प्री-वेडिंग शूट, ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, त्याच दिवशी दाखवायचा टीझर, करिझ्मा अल्बम. यातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारावा, की हे पाहणं आहे की घडवणं? प्री-वेडिंगमध्ये कपडे, जागा, चालणं, हसणं सगळं सांगून करवून घेतलेलं असतं. ड्रोन वरून मांडव दाखवतो, पण माणसाचा चेहरा त्याच्या आवाक्यात नसतो. एलईडी वॉल तर समोर चाललेला विधी सोडून त्याच्या चित्राकडे पाहायला लावते. टीझरसाठी एक माणूस संध्याकाळपर्यंत लॅपटॉपपुढे बसतो. हे सगळं करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण यातलं बरंचसं दिग्दर्शन आहे, आणि दिग्दर्शनाला माणसं, यंत्रं आणि तास लागतात, म्हणून ते महाग पडतं. प्रत्यक्ष पाहणं मात्र एका अनुभवी माणसाला जमतं, सोबतीला तिकाटण्यावर ठेवलेला एक व्हिडिओ कॅमेरा असला की झालं. ज्या घरानं ठरवलं की आपल्याला साक्षी हवा, त्या घराच्या यादीतल्या अर्ध्याहून जास्त ओळी आपोआप कटतात, आणि तरी मुख्य ते सगळं शिल्लक राहतं. वाचलेल्या पैशात अधिक अनुभवी माणूस मिळतो. कॅमेरा कोणता यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, यावर फोटो ठरतो.

हे हवेत राहू नये म्हणून लाजाहोमाचंच घेऊ. वधूचा भाऊ तिच्या जुळवलेल्या ओंजळीत भाताच्या लाह्या घालतो. लाह्या फार हलक्या, ओंजळीच्या कडेनं दोनचार सांडतातच. तिच्या हातांखाली वराचे हात असतात. तुपाची धार पडते, ओंजळ पुढे कलते, लाह्या अग्नीत पडताच बारीक तडतड होते आणि ज्वाळ क्षणभर उंच होते. त्या एका क्षणात तिघांचे चेहरे खालून उजळतात. बहिणीला सासरी पाठवणारा भाऊ तेव्हा तिच्या हातांकडे पाहत असतो, कॅमेऱ्याकडे नाही. हा फोटो घ्यायला फार थोडं लागतं. फ्लॅश बंद असावा, कारण फ्लॅशच्या पांढऱ्या झोतात अग्नी निस्तेज होऊन जातो आणि चेहऱ्यावरचा त्याचा उजेड पुसला जातो. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स असावी. लेन्सच्या बाजारात तिच्याइतक्या कमी किमतीला एवढा कमी उजेड टिपणारी दुसरी सहसा मिळत नाही. फोटोग्राफरनं गुडघ्यावर बसावं, म्हणजे त्याची नजर बसलेल्या माणसांच्या पातळीला येते. आणि स्टेजवरचे निळेजांभळे दिवे होमाच्या वेळी घालवावेत. त्या दिव्यांत हळदीचा रंग राखेसारखा दिसतो. दिवे बंद करायला पैसे पडत नाहीत. सप्तपदीचंही तसंच. तांदळाच्या सात लहान राशींवरून वधूचं उजवं पाऊल पुढे जात असतं. ते पाऊल टिपायचं तर कॅमेरा जमिनीलगत हवा आणि समोरची जागा मोकळी हवी. होमाची जागा खिडकीपाशी किंवा दाराच्या उजेडात मांडायला आदल्या दिवशी सांगितलं की पुरतं. सातही पावलं होऊन जायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यापुरतं मामा-काकांनी फोन खिशात ठेवून दोन पावलं मागं उभं राहिलं, तर पुढची पन्नास वर्षं त्या फोटोत त्यांच्या पाठी दिसणार नाहीत.

सगळ्यांत तगडा आक्षेप असा: विधी तरी दुसरं काय आहे? तोही ठरलेल्या संहितेवर चाललेला प्रयोग आहे, मग फोटोग्राफरनं 'पुन्हा एकदा हार घाला, इकडे बघा' म्हटलं तर बिघडलं कुठे? मला हा आक्षेप हलका वाटत नाही. विधीत सांगितलेले शब्द म्हणायचे असतात, सांगितलेल्या जागी बसायचं असतं, हे खरंच आहे. फरक संकल्पात आहे. कोणत्याही विधीच्या आरंभी संकल्प असतो, आणि त्यात स्थळ, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार होतो. म्हणजे हे कृत्य या जागी, या वेळी, या माणसांचं आहे, असं आधीच बांधून घेतलेलं असतं. नाटकाचा प्रयोग उद्या पुन्हा लागू शकतो, संकल्पानं बांधलेलं कृत्य लागत नाही. हार पुन्हा घालता येतो, कारण हारानं काही कायमचं होत नाही. सातवं पाऊल पुन्हा टाकायला सांगितलं तर गुरुजींनाच अडखळायला होईल, कारण एकदा ते पडलं की या दोन माणसांचं नातं बदललेलं असतं आणि पुन्हा न बदललेल्या स्थितीत जाता येत नाही. दुसऱ्यांदा टाकलेलं पाऊल हे पावलाचं चित्र होतं. अशा चित्राचा फोटो कितीही सुंदर आला तरी त्यात साक्ष नसते. विधीत ढवळाढवळ न करण्याची उपनिषदातली अट इथं व्यवहारात उतरते: फोटोग्राफरशी ठरवताना 'विधी चालू असताना कुणालाही थांबवायचं नाही, मागे फिरवायचं नाही' ही अट लिहून घ्यावी. कुटुंबाचे जमवून काढायचे फोटो वेगळे, त्यांना वेगळा अर्धा तास द्यावा. नावांची यादी एखाद्या मोठ्या आवाजाच्या आत्याकडे सोपवावी, तिनं एकेका घराला हाक मारून उभं करावं.

दुसरा आक्षेप स्मरणाचा. फोटो घेतले नाहीत तर आठवण राहणार कशी? इथं प्रयोगांचा आधार आहे, आणि तो एका बाजूला झुकणारा नाही. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्या वस्तूंचा लोकांनी पूर्ण फोटो घेतला, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्या वस्तूचा एखादाच भाग त्यांनी जवळून टिपला, तिच्या बाबतीत ही घट दिसली नाही. बारॅश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आणखी वेगळं दाखवलं. स्वतःच्या मर्जीनं फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं अधिक आठवलं, पण ऐकलेलं कमी. हा दुसरा निष्कर्ष लग्नाच्या दृष्टीनं फार बोलका आहे. आपलं लग्न निम्मं कानांनी लागतं. आजीनं थरथरत्या आवाजात म्हटलेलं मंगलाष्टक, घाणा भरतानाच्या ओव्या, उखाण्यात नाव घेताना मध्येच अडलेली वधू, कान पिळताना मेव्हण्यानं केलेली मागणी. एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात फोन उंच धरून उभ्या असलेल्या दोनशे माणसांच्या हाती या आवाजातलं फारसं लागत नाही. म्हणून पाहुण्यांना मंगलाष्टकांपुरते फोन खाली ठेवायची विनंती पत्रिकेतच छापावी. आणि व्हिडिओच्या खर्चात कपात करायची तर चित्रात करावी, आवाजात करू नये. गुरुजींच्या उपरण्याला लावलेला एक लहान माइक आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांपाशी ठेवलेला एक रेकॉर्डर, एवढ्यानं काम भागतं. ज्या सिनेमॅटिक फिल्ममध्ये हे सगळे आवाज काढून वर सिनेमाचं गाणं चढवलेलं असतं, ती पाहताना मला खरोखर वाईट वाटतं. आजी गेल्यावर घर त्या फिल्ममध्ये तिचा आवाज शोधणार आहे.

थोडा हिशेबही मांडावा. दोन हजार फोटो मिळाले आणि प्रत्येकावर तीन सेकंद नजर टाकली तरी सलग १०० मिनिटं लागतात. एकदा पाहून झाल्यावर इतके फोटो पुन्हा कोण पाहतं? दीडशे नीट निवडलेले फोटो घर वर्षातून चारदा उघडेल. जुन्या कित्येक घरांत लग्नाचा एकच फोटो असे. तोही विधीचा नसे. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन, पुन्हा मुंडावळ्या बांधून, खुर्चीत ताठ बसून काढलेला. तो एकच फोटो माजघराच्या भिंतीवर दोन पिढ्या राहिला, आणि सुनेच्या सुनेनंही त्यातलं नाकडोळ्यांचं साम्य ओळखलं. फोटो थोडे असले की त्यांना जागा मिळते. निवड मात्र फोटोग्राफरवर सोडू नये. कोण कोणाचं कोण, हे त्याला ठाऊक नसतं. आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवायच्या, हे पैसे चुकते करण्याआधी पाहावं.

आता ज्या आक्षेपापुढे मी सर्वांत जास्त थांबतो, तो प्रतिष्ठेचा. ज्यांच्या आजोबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही, ज्यांच्या नवरदेवाला गावातून घोड्यावर बसून जाऊ दिलं नाही, त्यांनी आयुष्यात एकदा राजासारखं दिसावं असं म्हटलं, तर त्यांना साधेपणाचा उपदेश करण्याचा अधिकार कुणाला? कुणालाही नाही. पण साक्षीच्या कल्पनेतून उपदेश निघत नाही, एक प्रश्न निघतो: तुमच्या घरातल्या लग्नाचं मर्म कोणत्या घटकेत आहे? ज्या गावात वरात अडवली जात होती तिथं वरात हेच मर्म. तिथं कॅमेरा वरातीपुढे हवा, आणि तो फोटो म्हणजे इतिहासाची साक्ष आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीवाचून, अगदी थोडक्या खर्चात सत्यशोधक लग्नं लागू लागली. तिथं अग्नीच्या जागी जमलेली माणसं साक्षी झाली आणि वधूवरांनी एकमेकांना दिलेलं वचन हा विधी झाला. तेव्हापासून महाराष्ट्रात कमी खर्चाचं लग्न ही गरिबीची खूण राहिलेली नाही, तो एक धर्मविचार आहे. गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढून लग्न करू नका असं परोपरीनं सांगत फिरले, तेही याच भूमिकेतून. बौद्ध पद्धतीच्या लग्नात तर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वचनं घेतली जातात, म्हणजे तिथं प्रतिमाच साक्षीला असते. चित्र म्हणजे वरवरचं, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये दोघांनी उच्चारलेली वचनं, निकाहात दोन साक्षीदारांसमोरचा कबूल, नोंदणी विवाहात तीन साक्षीदारांच्या सह्या. कॅमेऱ्यानं कुठं असावं, हे त्या त्या घराचा धर्मच सांगतो.

शाकुंतलाची कथा या सगळ्यामागे मला सारखी दिसत राहते. कालिदासाच्या नाटकात गांधर्व विवाहाला कुणी साक्षी नसतो, म्हणून सगळा भार एका अंगठीवर येतो. ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडते आणि भर दरबारात शकुंतलेला ओळख नाकारली जाते. महाभारताच्या आदिपर्वात अंगठी नाहीच. तिथली शकुंतला राजाला ठणकावते की एकटा असताना केलेलंही सूर्य, चंद्र, अग्नी, वारा आणि स्वतःचं हृदय पाहत असतं. एक पुरावा दाखवू पाहते, दुसरी साक्ष काढते. आपल्या अल्बमांची आपण अंगठी केली आहे. ती असावी, हरवू नये म्हणून जपावी. पण ती ज्याच्यामुळे खरी ठरते ते पाहणं वेगळं आहे, आणि ते पाहणं पाकिटाच्या जाडीवर अवलंबून नाही.

एक मात्र निक्षून सांगायला हवं. काटकसर म्हणजे फोटोग्राफरच्या मजुरीत घासाघीस नव्हे. पहाटेच्या पुण्याहवाचनापासून रात्रीच्या गृहप्रवेशापर्यंत खांद्यावर कॅमेरा वागवणारा, आणि पुढे कित्येक दिवस ते फोटो निवडत, सुधारत बसणारा हा माणूस कारागीर आहे. सूर्यासूक्तातल्या पाहणाऱ्यानं वधूला सौभाग्य द्यायचं, आणि ज्याच्या पोटात भूक आणि मनात फसवलं गेल्याची सल आहे तो ते कसं देणार? गोष्टी कमी करा, तास कमी करा, लग्न आडवारी ठेवा म्हणजे दर आपसूक उतरतात. पण ठरलेले पैसे ठरल्या वेळी द्या. आदल्या संध्याकाळी गुरुजी आणि फोटोग्राफर यांना पाच मिनिटं एकत्र बसवा. तुमच्या घरी सूत्रवेष्टन आधी की कन्यादान, होम कुठं, सप्तपदी किती वाजता, हे त्याला एका कागदावर लिहून द्या, कारण देशस्थांचा क्रम वेगळा, कोकणस्थांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा, आगऱ्यांचा वेगळा. आणि लग्नाच्या दिवशी पहिली पंगत बसण्याआधी त्याचं पान वाढा. होम पेटेल तेव्हा त्याचं जेवण झालेलं असावं, आणि तो अग्नीशेजारी गुडघे टेकून बसलेला असावा.